फाइल कॉपी पंधरा मिनिटं धावते, मग रांगायला लागते: बाबांचे ६१२ जीबी फोटो हलवायचेत, मदत हवी

सातमाळा (नाशिक), शुक्रवार रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

बाबांनी २००३ पासून काढलेले गडकिल्ल्यांचे फोटो घरच्या डेस्कटॉपवर आहेत. साल्हेर-मुल्हेरपासून अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगड, खाली पार रायगडापर्यंत. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे गड सुटले, पण रोज संध्याकाळी हे फोटो उघडून बसतात. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि संगणकही २०१५ चा आहे, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. त्याआधी सगळं सुरक्षित बाहेर काढावं म्हणून २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणली.

एकूण ६१२ जीबी, १,७४,००० फायली. त्यात साधारण १८,००० रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेल्या मूळ फायली), ४०,००० जेपीजी, आणि उरलेल्या १,१६,००० फोटो-सॉफ्टवेअरने केलेल्या बारक्या फायली, बहुतेक ५ केबीच्या आसपास. विंडोज छोट्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आहे, फोटो १ टीबीच्या आतल्या हार्ड डिस्कवर.

कॉपी सुरू केली की वेग ५०-६० एमबी दिसतो. पंधरा मिनिटांत पन्नासेक जीबी जातात. मग एकदम ४ ते ६ एमबी, अधूनमधून चक्क शून्य. उरलेला वेळ १ दिवस ७ तास. कंटाळून रद्द करतो, सकाळी पुन्हा लावतो, तर पहिली पंधरा मिनिटं परत वेगात! असं तीनदा झालं. दुकानदार म्हणतो डिस्क चांगली आहे, विंडोजचंच हे असं असतं. मला पटत नाही, पण उत्तरही माझ्याकडे नाही.

---

ओसरी (नागपूर), शुक्रवार रात्री ९:३२

दादा, केबल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावली आहे की मागच्या? पुढचे पोर्ट बऱ्याचदा यूएसबी २ चे असतात. माझ्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ हलवताना मुलं हमखास तिथेच लावतात आणि मग रात्रभर बसून राहतात. निळ्या पट्टीच्या पोर्टला लावून बघा.

---

वेताळटेकडी (पुणे), शुक्रवार रात्री ९:५८

ओसरी, प्रश्न बरोबर आहे, पण इथे पोर्टाचा दोष नसावा. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात ३०-४० एमबी प्रतिसेकंद मिळतात. सातमाळांना ५०-६० मिळतायत, म्हणजे यूएसबी ३ चाललंय. पोर्ट धीमा असता तर पहिल्या मिनिटापासून धीमा असता.

सातमाळा, कॉपी म्हणजे दोन कामं: एकीकडून वाचणं आणि दुसरीकडे लिहिणं. खिडकीत दिसणारा आकडा दोघांपैकी जो मागे पडतो त्याचा असतो. म्हणून उपाय शोधण्याआधी कोण कोणाची वाट बघतंय ते पाहू या. तीन गोष्टी करा.

पहिली: कॉपी रांगायला लागली की टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर दोन्ही डिस्का एकेक करून बघा. ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ किती टक्के आणि ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ किती मिलिसेकंद, ते लिहून घ्या.

दुसरी: जुन्या डिस्कवरचं दहा जीबीचं एखादं फोल्डर एसएसडीवर कॉपी करा. यात नवी डिस्क येतच नाही.

तिसरी: तेच फोल्डर एसएसडीवरून नव्या डिस्कवर टाका. यात जुनी डिस्क येत नाही.

आणि कृपया अजून काही ‘क्लीनर’ किंवा वेग वाढवणारं सॉफ्टवेअर टाकू नका.

---

मृगजळ, शुक्रवार रात्री १०:१५

इतक्या बारक्या फायली असतील तर सरळ सगळ्याची एक झिप करा. एकच मोठी फाइल झाली की भराभर जाते. मी नेहमी असंच करतो.

---

वेताळटेकडी, शुक्रवार रात्री १०:२४

मृगजळ, बारक्या फायलींबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. फाइल ५ केबीची असो वा ५ जीबीची, एनटीएफएसला, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या विंडोजच्या पद्धतीला, तिची नोंद करावी लागते, फोल्डरच्या यादीत नाव घालावं लागतं, कुठली जागा व्यापली ते टिपावं लागतं, आणि या सगळ्याची जर्नलमध्येही, म्हणजे बदलांच्या वहीत, नोंद होते. हार्ड डिस्कचं डोकं त्यासाठी इकडून तिकडे धावतं. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरीच ११ मिलिसेकंदांची. एका फाइलीमागे ५० मिलिसेकंद धरले तर १,१६,००० फायलींना ५,८०० सेकंद, म्हणजे दीड तासाहून जास्त. आणि त्यातून गेला किती डेटा? जेमतेम ५८० एमबी. शिवाय डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, तो वेळ वेगळाच.

तरी झिप आत्ताच नको. आधी निदान होऊ द्या.

---

सातमाळा, शनिवार सकाळी ८:४०

सगळं केलं. उशीर झाला, क्षमस्व.

१) कॉपी रांगताना नवी डिस्क १०० टक्के, रिस्पॉन्स टाइम ९०० ते १,४०० मिलिसेकंद. जुनी डिस्क ५-८ टक्के, नुसती बसलेली. पण मध्येच वेग शून्य होतो तेव्हा उलटं: जुनी १०० टक्के आणि नवी शून्य! हे चार-पाच वेळा दिसलं.

२) जुनीवरून एसएसडीवर: २०१९ चं फोल्डर ८५ एमबीने गेलं. २०१४ चं घेतलं तर मध्येच मिनिटभर अडकलं आणि मग पुढे गेलं.

३) एसएसडीवरून नव्या डिस्कवर: रात्रभर काही काम न देता ठेवलेली असल्याने वेगात. पण मी तीच फोल्डरं चार-पाच वेळा वेगवेगळ्या नावांनी टाकत राहिलो, तर पन्नासेक जीबीनंतर पुन्हा ५ एमबी.

---

वेताळटेकडी, शनिवार सकाळी ९:२५

वा, अगदी नेमकं केलंत. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींची लक्षणं एकाच खिडकीत दिसतायत.

नव्या डिस्कचं मी सांगतो. ही बहुधा एसएमआर प्रकारची डिस्क आहे: शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग. शिंगल म्हणजे आपल्या छपरावरचं कौल. साध्या डिस्कवर डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवलेली असते, कौलांसारखी. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते. वाचायला काहीच अडचण नाही. पण खालचं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात. तसंच इथे मधली छोटी जागा बदलायला अख्खा पट्टा, साधारण २५६ एमबीचा, वाचून पुन्हा लिहावा लागतो.

हे लपावं म्हणून डिस्कमध्ये साध्या पद्धतीने लिहायची एक राखीव जागा असते. येणारा डेटा आधी तिथे पडतो, मग डिस्क निवांत असताना स्वतःच तो कौलांखाली लावत बसते. तुमच्या डिस्कवर ही जागा पन्नासेक जीबीत भरते. भरली की डिस्कला एका हाताने नवा माल घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने जुना लावायचा, म्हणून रिस्पॉन्स टाइम सेकंदाच्या घरात जातो. रात्री तुम्ही झोपलात तेव्हा तिने जागा मोकळी केली, म्हणून सकाळी पंधरा मिनिटं पुन्हा वेग. विंडोजचा यात काही दोष नाही, आणि डिस्क खराबही नाही.

खोक्यावर हे लिहिलेलं नसतं, याचा मला मनापासून राग आहे. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की मोठे डिस्क उत्पादक काही मॉडेलांमध्ये ग्राहकाला न सांगता एसएमआर वापरत होते. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या, पण आपल्याकडे दुकानात जाऊन कोण यादी मागतं?

जुन्या डिस्कचं दुखणं जास्त काळजीचं आहे. कोणी दुरुस्तीच्या धंद्यातलं असेल तर बोला.

---

दुरुस्तीवाला (कोल्हापूर), शनिवार सकाळी १०:०५

बोलतो. बावीस वर्षं हेच काम करतोय.

सातमाळा, कॉपी आत्ता थांबवा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते एसएसडीवर टाका आणि जुन्या डिस्कच्या ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे द्या. तोवर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, तर अजिबात चालवू नका. लोक घाबरून स्लॅश आर लावून चेकडिस्क चालवतात, ते अख्खी डिस्क तासन्‌तास घासत बसतं. आजारी माणसाला आधी गडावरून खाली आणायचं, तपासण्या नंतर.

---

सातमाळा, शनिवार सकाळी १०:२८

०५ समोर १०, सी५ समोर ३०, सी७ समोर ०. वर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ लिहिलंय.

---

दुरुस्तीवाला, शनिवार सकाळी १०:४१

हे आकडे सोळाच्या पायातले असतात. १० म्हणजे आपले १६ आणि ३० म्हणजे आपले ४८. सोळा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारके कप्पे, डिस्कने आधीच बाद करून त्यांच्या जागी राखीव घेतलेत. अठ्ठेचाळीस सेक्टर असे आहेत की वाचता येईनात आणि अजून निकाल लागलेला नाही. वेग शून्य होतो तेव्हा डिस्क याच सेक्टरांपाशी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असते. सी७ शून्य आहे म्हणजे केबल ठीक. तो आकडा वाढलेला असता तर मी आधी साटा केबल बदलायला सांगितली असती, शंभर-दीडशे रुपयांत काम झालं असतं.

अवांतर, पण सांगतो. विंडोज एक्सपीच्या काळात गिऱ्हाईक यायचं, कॉपी मरणाची धीमी झाली आणि प्रोसेसर नुसता तापतोय म्हणून. एक्सपीला सहाच्या वर टाइमआउट किंवा सीआरसीच्या (डेटा नीट पोचला का या तपासणीच्या) चुका दिसल्या की ते डिस्कचा वेग पायरीपायरीने खाली आणायचं, शेवटी पीआयओवर. पीआयओमध्ये एकेक घास प्रोसेसरला भरवावा लागतो. लोक विंडोज पुन्हा टाकायचे आणि वेग परत यायचा, म्हणून समज झाला की विंडोज ‘जुनं’ झालं की धीमं होतं. खरी गोष्ट म्हणजे चपटी केबल सैल झालेली असायची. डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई चॅनल काढून, संगणक पुन्हा सुरू करून आणि केबल बदलून मी कितीतरी संगणक परत दिलेत.

---

मृगजळ, शनिवार सकाळी ११:००

म्हणजे झिप करायची नाही?

---

दुरुस्तीवाला, शनिवार सकाळी ११:०७

या डिस्कवर नाही. दोन कारणं. झिप करताना वाचायचं आजारी डिस्कवरूनच आहे, ते काही टळत नाही. आणि एका खराब सेक्टरपाशी झिप बिघडली तर हजारो फोटो एका फाइलीत अडकतील. सुटी फाइल बिघडली तर एक फोटो जातो. निरोगी डिस्कवरून बारक्या फायली नेताना मात्र तुमचा उपाय मीही वापरतो.

---

ओसरी, शनिवार सकाळी ११:३०

नवी डिस्क कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे? एक्सफॅट (एनटीएफएसऐवजीची दुसरी पद्धत) असेल तर बारक्या फायलींना तिथे जागाही फार लागते. विंडोज मोठ्या डिस्कवर एक्सफॅटला १२८ केबीचा क्लस्टर (जागेचा सगळ्यात छोटा तुकडा) देतं, म्हणजे ५ केबीची फाइलही १२८ केबी अडवते. तुमच्या १,१६,००० फायलींना १४ जीबीहून जास्त! शिवाय एक्सफॅटला जर्नल नाही. कॉपीच्या मध्ये लाइट गेली तर फोल्डरच गायब झालेलं मी पाहिलंय. एका जोडप्याचा हळदीचा पूर्ण कार्यक्रम त्यात गेला. तेव्हापासून ज्या डिस्का फक्त विंडोजला लावायच्या त्या मी एनटीएफएसच करते.

---

सातमाळा, शनिवार दुपारी १२:१०

एक्सफॅटच निघाली. त्यावर फक्त माझ्या अर्धवट कॉपी आहेत, मूळ सगळं जुन्या डिस्कवर आहे. तर एनटीएफएस करून घेतो.

आणखी एक. एका व्हिडिओत सांगितलंय की डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीमध्ये जाऊन ‘क्विक रिमूव्हल’ ऐवजी ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडा, वेग वाढतो. करू का?

---

वेताळटेकडी, शनिवार दुपारी १२:३५

हे चांगलं विचारलंत, कारण ‘कॉपी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न यात आहे.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कांना ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ पॉलिसी असते. विंडोज डेटा स्वतःकडे फार वेळ अडवून ठेवत नाही, लगेच डिस्ककडे पाठवतं, म्हणजे केबल अचानक काढली तरी नुकसान कमी. ‘बेटर परफॉर्मन्स’ लावलं की डेटा आधी रॅममध्ये साठतो, आकडा छान दिसतो, पण तेवढा डेटा डिस्कवर पोचलेला नसतो. पोती दारात उतरली म्हणजे कोठीत थप्पी लागली असं नाही. तुमच्याकडे यूपीएस आहे का? नसेल तर नको. आणि तुमची अडचण कोठीच्या आतली आहे, दारात कितीही भराभर उतरवलं तरी ती सुटणार नाही.

अवांतर: याच गोष्टीवरून २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने लोकांच्या खूप शिव्या खाल्ल्या होत्या. एक्सपीमध्ये फाइल ६४ केबीच्या तुकड्यांनी रॅममधल्या कॅशेमधून जायची. कॅशेमध्ये पडली की खिडकी बंद, प्रत्यक्ष लिहिणं मागे चालूच. व्हिस्टाने मोठ्या फायली आणि नेटवर्कचा विचार करून कॅशे टाळून थेट लिहायला सुरुवात केली. त्यामुळे डेटा खरोखर डिस्कवर जाईपर्यंत खिडकी उघडी राहायची, आणि मध्यम आकाराच्या भरपूर फायली असल्या की एक्सपीपेक्षा फारच हळू वाटायचं. त्यात उरलेल्या वेळेचा अंदाज द्यायला व्हिस्टा १२ सेकंद थांबायचं, आणि अंदाजही सारखा उड्या मारायचा. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये हे सगळं सविस्तर लिहिलं आणि सर्व्हिस पॅक १ मध्ये घरच्या घरी होणाऱ्या कॉपीला पुन्हा कॅशे आला.

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. तो लेख वाचून पहिल्यांदा कळलं की वेगाची तक्रार खरी असते आणि तिचं कारण मात्र बहुतेकदा तिथे नसतं जिथे आपण बोट दाखवतो. तेव्हा घराघरांत व्हिस्टातलं ‘रिमोट डिफरन्शियल कॉम्प्रेशन’ बंद करा असा सल्ला फिरायचा. साध्या कॉपीशी त्याचा काही संबंध नव्हता.

---

भरती_ओहोटी (फोंडा), शनिवार दुपारी १:२०

लिनक्सवर आम्हाला याच्या उलट अनुभव येतो. शाळेत मुलांना पेनड्राइव्हवर धडे देते तेव्हा पट्टी क्षणात १०० टक्के होते आणि मग ‘सुरक्षित काढा’ म्हटलं की पाच-सहा मिनिटं काहीच हलत नाही. लिनक्स मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठू देतं. १६ जीबीच्या संगणकावर तो ३ जीबीपर्यंत जातो. पेनड्राइव्ह ८ एमबीने लिहीत असेल तर सहा मिनिटं होणारच. मुलं पट्टी भरली की पेनड्राइव्ह उपटायची आणि घरी फाइल उघडायची नाही. आता मी प्रत्येकाला आधी टर्मिनलमध्ये ‘सिंक’ लिहायला लावते आणि ते परत येईपर्यंत हात लावू देत नाही.

सातमाळा, जुन्या डिस्कवरचं काही अडलं तर सांगा. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते आधी धडधाकट भाग वाचून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून चालवता येतं. लागलं तर मी फोनवर बसून करून देईन.

---

चांदणवेल (ठाणे), शनिवार दुपारी २:०५

मध्येच विचारते. मोबाइलवरून संगणकावर फोटो घेतानाही असंच रखडतं, फोल्डर उघडायलाच पाच मिनिटं. तेही एसएमआर का?

---

वेताळटेकडी, शनिवार दुपारी २:१८

नाही ताई, ते एमटीपी. फोन स्वतःला डिस्क म्हणून देत नाही, संगणक एकेक फाइल मागतो आणि फोन एकेक देतो. हजारो फोटोंच्या फोल्डरची यादी करायलाच वेळ जातो. फोनला मेमरी कार्ड असेल तर ते काढून रीडरमध्ये लावा.

---

दुरुस्तीवाला, शनिवार दुपारी ३:००

सातमाळा, माझ्या मते असं करा.

एक्सप्लोररने ओढून टाकू नका. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाचं, आज्ञा लिहून चालवायचं साधन आहे, ते वापरा. मात्र एक लक्षात ठेवा: वाचता न आलेल्या फाइलीला ते मुळात दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबतं. आजारी डिस्कला हे मारक आहे. म्हणून स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ लावाच. उपफोल्डरांसाठी स्लॅश ई, आणि अडलेल्या फायलींची यादी हाती राहावी म्हणून स्लॅश लॉग, लॉग एसएसडीवर. मध्ये थांबवलं तरी पुन्हा तीच आज्ञा दिली की झालेल्या फायली ते सोडून देतं.

आधी जे पुन्हा मिळणार नाही ते. गाळणी लावून फक्त रॉ, मग जेपीजी, बारक्या फायली सगळ्यात शेवटी. त्या गेल्या तरी सॉफ्टवेअर बऱ्याचशा नव्याने करतं.

---

मृगजळ, शनिवार दुपारी ३:१५

रोबोकॉपीला स्लॅश एमटी लावलं की एका वेळी आठ फायली जातात, तेही सांगा ना.

---

वेताळटेकडी, शनिवार दुपारी ३:२६

एसएसडीवर किंवा नेटवर्कवर छान. इथे नको. हार्ड डिस्कला डोकं एकच, आठ फायली एकदम मागितल्या तर ते आठ ठिकाणी धावेल. एसएमआरला एका ओळीत, मोठ्या फायली दिलेल्या सोसतात. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलेला क्रम तिच्याही सोयीचा आहे. चाळीस जीबी झाले की तासभर थांबा, डिस्क लावलेलीच ठेवा. वेळ वाया गेल्यासारखा वाटेल, पण ५ एमबीने रांगत बसण्यापेक्षा लवकर होईल.

डिफेंडर पूर्ण बंद करू नका. हवं तर फक्त फोटोंचं फोल्डर तेवढ्या वेळापुरतं तपासणीतून वगळा आणि नंतर आठवणीने परत घाला.

---

सातमाळा, सोमवार सकाळी ७:१५

मंडळी, काल पहाटेपासून आज पहाटेपर्यंत जागा होतो, बाबाही.

रॉ फोटो बारा टप्प्यांत गेले, वेग बहुतेक वेळ ७० एमबीच्या आसपास. एकदाच घाईत दोन टप्पे सलग लावले आणि लगेच ५ वर आलं. मग पुन्हा ती चूक केली नाही. जेपीजी चार टप्प्यांत. बारक्या फायली शेवटी, त्यांना एकट्यांना साडेतीन तास लागले. मध्ये एकदा लाइट गेली. रोबोकॉपी पुन्हा लावलं, जिथे राहिलं होतं तिथून पुढे गेलं. ओसरीताई, एनटीएफएस करायला लावलंत, त्याबद्दल खास आभार.

लॉगमध्ये १७ फायली अडलेल्या आहेत. सगळ्या २०१४ च्या फोल्डरमधल्या. भरती_ओहोटी, तुमची मदत लागणार.

---

भरती_ओहोटी, सोमवार सकाळी ७:५०

शाळा सुटल्यावर चारला फोन करते. तोवर संगणक बंदच ठेवा.

---

सातमाळा, बुधवार रात्री १०:३०

शेवटचं कळवतो.

ताईंनी दोन संध्याकाळ फोनवर बसून डीडीरेस्क्यू चालवून घेतलं. १७ पैकी १२ फायली पुऱ्या वाचल्या. उरलेल्या पाचांत मध्ये मध्ये भोकं राहिली. त्यांतल्या तीन रॉ होत्या. ताई म्हणाल्या रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला एक जेपीजीही असतो, तो वेगळा काढता येतो. तो तिन्हींमधून नीट निघाला. दोन जेपीजी मात्र अर्धेच राहिले, वरचा भाग स्वच्छ आणि खाली नुसता करडा रंग.

नवीन संगणक काल आला. बाहेरच्या डिस्कवरून त्यावर कॉपी घेतली आणि पॉवरशेलमध्ये दोन्हीकडच्या एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फायलींचे ठसे, जुळवल्या. १,७४,००० पैकी एकही फरक नाही. वाचताना ही डिस्क एकदाही अडखळली नाही, वेताळटेकडींनी सांगितलं होतं तसंच. तिसरी कॉपी पुढच्या आठवड्यात बहिणीकडे पुण्याला जाईल, त्यासाठी या वेळी कंपनीच्या यादीत बघून साधी, बिनाकौलांची डिस्क मागवली आहे.

त्या अर्ध्या फोटोंपैकी एक बाबांना दाखवला. वर कोकणकडा आणि ढग, खालचं सगळं करडं. बाबांनी जरा वेळ बघितलं आणि खाली कोण कोण बसलं होतं त्या सातही जणांची नावं डावीकडून क्रमाने सांगितली. मी ती फाइलीच्या नावात घालून ठेवली आहेत.

---

दुरुस्तीवाला, बुधवार रात्री १०:५२

जुनी डिस्क टाकून देऊ नका. पिशवीत घालून, तारीख लिहून कपाटात ठेवा. बाबांना नमस्कार सांगा.